चारशेचा ब्लॉक

नायमेखन,
शनिवार, १५ मार्च २०२५

प्रिय आशू,

अनेक आशीर्वाद. तू पन्नाशीला टेकलास, केसही माझ्याआधी पांढरे झाले तुझे, पण धाकट्या भावाला आशीर्वादच लिहायचे असतात, म्हणून लिहिते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. यतीनचा गुडघा थंडीत दुखतो, बाकी त्याचं घरून काम चालू आहे. बाबांच्या नव्या गोळ्या लागू पडतायत का? माझ्या भावजयीचा, सुरुचीचा, खोकला गेला का?

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन आहे, मेसेज आहेत, आणि ही कागद घेऊन काय बसली? पण फोन केला की तू "बरंय, देतो बाबांना" म्हणतोस आणि फोन त्यांच्या कानाला लावतोस. तक्रार करत नाही. दोन वर्षं होत आली, तेवढं बोलतोस हेही पुष्कळ आहे. पण पत्र काही कुणाच्या कानाला लावता येत नाही. ते तुलाच वाचावं लागेल, असा विचार करून लिहायला बसले.

बातमी अशी की मी माझी जुनी अमेरिकन गाडी, ती नोव्हा, उघडली.

त्या जूनमध्ये हायवेवर तुझ्या हातात असताना इंजिन बसलं, तेव्हापासून गाडी ग्रूसबेकच्या त्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मी तिकडे फिरकलेच नाही. शेडचं दार दिसेल म्हणून सायकलचा रस्तासुद्धा बदलला होता. मग जानेवारीत बाबांनी फोनवर विचारलं, "पद्मा, गाडी झाली का चालू?" एवढे पाच शब्द जुळवायला त्यांना इतका वेळ लागला की तोवर माझं खोटं तयार झालं होतं. "होतेय, बाबा," मी म्हटलं. फोन ठेवला आणि वाटलं, आता ते खरं करायला हवं. पुढच्या शनिवारी डबा घेऊन शेडमध्ये गेले.

इंजिन एकटीनं उतरवलं. चेन पुली भाड्यानं आणली, दोन शनिवार लागले. कामावर, चिपच्या कारखान्यात, मी दिवसभर व्हॅक्यूम पंप उघडते आणि बसवते, पण तिथे पांढरे हातमोजे असतात आणि धुळीचा कण पडला तर दहा माणसं धावत येतात. इथे कोपरापर्यंत काळी झाले. बरं वाटलं.

इथून वीस किलोमीटरवर थेओ नावाचे एक गृहस्थ आहेत, एकाहत्तर वर्षांचे. ट्रॅक्टरची इंजिनं बोअर करून देतात. इंग्रजी अजिबात नाही, माझं डच ऐकून घेतात. त्यांच्या वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकलं आणि मला भोसरीला बाबांच्या वर्कशॉपमध्ये आल्यासारखं झालं. तेच कटिंग ऑइल, तापलेल्या लोखंडाचा तोच वास. बोअरिंगचं मशीन बाबांच्यापेक्षाही जुनं. मी ब्लॉकच्या कडेवरून बोट फिरवलं तशी त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलात? वडिलांचं वर्कशॉप होतं, मी सांगितलं. त्यांनी बोअर गेज माझ्या हातात दिला आणि म्हणाले, सिलिंडर मोजा.

आशू, बाबांनी मला तो कधी दिला नाही. तुला बारावीत असताना दिला होता. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि दारात उभी राहून बघत होते. असो.

ब्लॉक फुटलाय, कामातून गेला. कसा फुटला ते बघणं चालू आहे.

आता पुढचं. जुनं इंजिन साडेतीनशे क्युबिक इंचांचं, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास. तसाच दुसरा ब्लॉक शोधता आला असता. पण थेओंच्या बाकाखाली चारशेचा ब्लॉक पडलेला होता, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी ठेवून गेलेला, क्रँकसकट. साडेसहा लिटर. बाहेरून मापं तीच, त्याच जागी त्याच बोल्टवर बसतो. आत मात्र सिलिंडर रुंद आणि पिस्टनची धाव लांब. थेओ म्हणाले, एवढं मोठं कशाला हवंय, तुम्ही तर शनिवारीच चालवणार. मी म्हटलं, हाच घालायचा. ते म्हणाले, डॅम्पर बदलावा लागेल, फ्लायव्हील बदलावं लागेल, रेडिएटर मोठा लागेल. मी म्हटलं, बदलू. खरं कारण सांगायचं तर, तसंच्या तसं इंजिन परत बसवून जणू काही झालंच नाही असं मला करायचं नव्हतं. जुनी दोन्ही हेड, सिलिंडरांवरची झाकणं, मात्र चांगली आहेत, तीच परत वापरणार.

सोबत मोजमापांचा कागद जोडलाय. तुला बघायचा नसेल तर नको बघूस. उगीच जोडलाय.

हे लिहिताना यतीन चहा घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "सगळं लिहितेयस ना त्याला?" मी म्हटलं, लिहितेय.

बाबांना नमस्कार सांग. सुरुचीला आठवण.

तुझी,
पद्माताई

उत्तराची घाई नाही. नाही दिलंस तरी चालेल.


नायमेखन,
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय आशू,

तुझा मेसेज मिळाला. दोन वर्षांतला पहिला. "ताई, चारशेच्या ब्लॉकला शेजारचे सिलिंडर चिकटलेले असतात, मधून पाणी फिरत नाही. जुनी हेड बसवतेयस तर वाफेची भोकं पाडलीस का?" बस्, एवढंच. "कशी आहेस" नाही, "पत्र मिळालं" नाही.

भोकं पाडली नव्हती.

हेड त्याच शनिवारी आवळायची ठरली होती. मी तुझा मेसेज थेओंना समजावून सांगितला. त्यांनी चष्मा लावला, नवं गास्केट हेडवर ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिले. गास्केटला सिलिंडरांच्या मधोमध बारीक बारीक भोकं होती आणि त्यांच्याखाली हेडचं लोखंड सपाट. वाफ अडकली असती, हेड तापून वाकलं असतं, आणि पाच महिन्यांची मेहनत पहिल्या उन्हाळी फेरीतच गेली असती. थेओ उभा जन्म ट्रॅक्टरांत घालवलेले, त्यांच्याकडे अमेरिकन गाडीचं काम फारसं आलेलं नाही. त्यांनी ते सरळ कबूल केलं. मग गास्केटचाच साचा करून आम्ही तीन मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडली. ड्रिल मी चालवलं.

सुरुचीला फोन केला तेव्हा कळलं की बाबा दुपारी झोपले की तू तीन दिवस मोबाइलवर हेच वाचत बसला होतास. भोसरीत असला ब्लॉक कधी आला असेल असं वाटत नाही. म्हणजे तू माझ्यासाठी शोधलंस. माझ्याशी न बोलता.

काम संपल्यावर थेओंनी विचारलं, एवढं कळणारा भाऊ आहे तर तो इथे का नाही? मी म्हटलं, तो पुण्यात असतो. ते म्हणाले, ते नव्हतं विचारलं. मी बाहेर जाऊन गवतावर बसले.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ब्लॉक कसा फुटला ते बघणं चालू आहे. ते तेव्हाच बघून झालं होतं. वरचा मॅनिफोल्ड काढला की दोन बाजूंच्या सिलिंडरांच्या मधे जी घळ दिसते, तिथे वीतभर लांब तडा होता. केसाएवढा, सरळ. थेओंनी त्यावरून नख फिरवलं आणि एकच शब्द म्हणाले, "फॉर्स्ट." म्हणजे हिवाळ्यात गोठून फुटलाय. तापून गेलेला तडा असा नसतो, तो हेडजवळ असतो, वाकडातिकडा असतो. हे तुला मी काय सांगायचं.

तू आलास त्याच्या आधीच्या नोव्हेंबरमध्ये रेडिएटरचा पाइप फुटला म्हणून मी बदलला होता. पाइप बसवला आणि बागेतल्या झारीनं साधं पाणी भरलं. न गोठणारं कूलंट पुढच्या आठवड्यात आणून घालू म्हटलं. पुढच्या आठवड्यात कामावर एक मशीन बंद पडलं, मग डिसेंबर आला, चार दिवस सलग उणे सातच्या खाली होतं. मी विसरले. एप्रिलमध्ये आठवलं तेव्हा पाणी काढून कूलंट भरलं, गाडी सुरू झाली, आणि मी स्वतःला सांगितलं की काही झालं नाही. कुणाला सांगितलं नाही. यतीनलासुद्धा आत्ता मार्चमध्ये सांगितलं.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुला माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं.

ॲमस्टरडॅममध्ये बुइटनव्हेल्डर्टला माझ्या मैत्रिणीकडे, सलोनीकडे, जेवायला जायचं होतं. पुण्याची आठ-दहा माणसं येणार होती. सकाळी तू डिपस्टिक काढलीस, तेल दोन बोटांत चोळलंस, वास घेतलास. म्हणालास, "ताई, तेल पांढुरकं दिसतंय. पाणी कुठूनतरी आत जातंय. आज ही नको नेऊया." मी म्हटलं, इथल्या दमट हवेत सगळ्यांचं तेल असं दिसतं. हे मी का म्हटलं? कारण तुझं बोलणं ऐकताक्षणी मला ती झारी आठवली होती. आणि मला त्या सगळ्यांसमोर गाडीतून उतरायचं होतं. तुला स्टीअरिंगवर बसवलं तेही मीच, माझा भाऊ चालवेल म्हणून. उत्रेख्तच्या अलीकडे तापमानाचा काटा चढायला लागला तेव्हा तू गाडी बाजूला घ्यायला लागलास. "पाच किलोमीटरवर पंप आहे, तिथे थांबू," असं मी म्हटलं. तिसऱ्या किलोमीटरला इंजिननं जीव सोडला.

टोईंगची गाडी आली, आपण ट्रेननं गेलो, उशिरा पोचलो. जेवताना कुणीतरी हसत विचारलं की भाऊसाहेब तर इंजिनांतले ना? आणि मी सगळ्यांच्या ताटांवरून म्हटलं, "त्याला इंजिन कळत असतं तर बाबांचं वर्कशॉप बंद पडलं नसतं."

वाक्य मुद्दाम तसंच्या तसं लिहिलंय. तू मान खाली घालून जेवत राहिलास. सुरुची उठून स्वयंपाकघरात गेली. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. सहा वर्षांतली तुझी ती पहिली सुट्टी होती. वसुधाआत्याच्या हातापाया पडून तिला बाबांजवळ ठेवून तू आला होतास.

वर्कशॉप का बंद पडलं ते मला माहीत आहे. तेव्हाही होतं. बाबा दोनदा मशीनजवळ पडले, मग त्यांना एकटं ठेवता येईना, आणि आपल्या दोघांपैकी एकाला घरी राहणं भाग होतं. मी त्या वर्षी इथलं नागरिकत्व घेत होते. तू एकदाही म्हणाला नाहीस की ताई, तू ये. मीही म्हटलं नाही. तुझं शटर तू खाली ओढलंस आणि मला त्याचा फोटो पाठवलास. मी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं आणि मीटिंगला गेले.

मग मी असं का बोलले, याचा मी फार विचार केलाय. गाडीची भीती होतीच. पण त्याच्या खाली जुनं काहीतरी होतं. वर्कशॉप मला हवं होतं, आशू. बाबांनी मला कधी विचारलं नाही, तुला दिलं, आणि तू ते बंद केलंस. इतक्या वर्षांचा राग मी त्या जेवणात तुझ्यावर काढला. राग बाबांवर होता. त्यांच्यावर आता काढता येत नाही.

यतीन म्हणाला, "आता तरी खरं लिहून पाठव. नाहीतर तो तुझं इंजिन वाचवत राहील आणि तू गप्प बसशील." म्हणून आज हे टपालपेटीत टाकते.

क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही. इंजिन माझ्यामुळे फुटलं. तुझी काही चूक नव्हती. सलोनीला आणि त्या दिवशी जेवायला असलेल्या बाकी सगळ्यांना मी या आठवड्यात एकेक करून हेच सांगितलंय, फोन करून, नावानिशी.

पद्मा


नायमेखन,
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आशू,

आशीर्वाद. परवा दसरा झाला. यंदा खंडेनवमीला मी शेडमध्ये पाने-हातोडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, गार्डन सेंटरमधून झेंडूचं रोप आणून त्याचीच फुलं वाहिली. थेओ टोपी काढून उभे राहिले. त्यांना वाटलं कुणीतरी गेलंय. समजावलं तर म्हणाले, हे आमच्याकडे का करत नाहीत कोण जाणे.

फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून आधी इंजिनाचं लिहिते. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी सुरू केलं. पहिल्या तीन वेळा नुसत्याच धापा टाकल्या, डिस्ट्रिब्युटर एक दात चुकला होता, माझीच चूक. चौथ्यांदा धरलं. आवाज जुन्यापेक्षा खालच्या पट्टीतला आहे, शेडचे पत्रे थरथरतात, शेतकऱ्याच्या गायी कुंपणापासून लांब गेल्या. वीस मिनिटं दोन हजारांवर चालवलं. काटा नव्वदवर गेला आणि तिथेच थांबला, तुझ्या भोकांमुळे. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलंय, उणे तीसपर्यंत मोजून घेतलंय. आतापर्यंत आठशे किलोमीटर झाले. पहिलं तेल बदललं तेव्हा दोन बोटांत चोळून बघितलं. स्वच्छ आहे.

त्या आठवड्यात तू फोन केलास. बाबांना न देता आपण अकरा मिनिटं बोललो. तू काय म्हणालास ते मी विसरणार नाही, म्हणून इथे लिहिते, चुकलं असेल तर सांग. तू म्हणालास, "इंजिनाचं मला कधी वाटलंच नाही, ताई. पाणी आत जात होतं हे मला सकाळीच कळलं होतं." मी विचारलं, मग तेव्हा भांडला का नाहीस? तू म्हणालास, "तू ऐकलं नसतंस." आणि मग म्हणालास, "वर्कशॉपचं बोललीस ते मात्र रोज सकाळी बाबांना उठवताना आठवतं. पत्र वाचलं तरी आठवतं." तूच मग विचारलंस की ऑइल प्रेशर किती येतंय.

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ शेडमध्ये बसले होते. गाडी समोर उभी होती, धुतलेली, चालू. मला वाटलं होतं ती चालू झाली की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं झालं नाही. पत्र लिहिणं, इंजिन बांधणं, सलोनीला फोन करणं, हे सगळं मी माझ्या घरी बसून केलं होतं. तू मात्र रोज सकाळी उठतोस आणि बाबांना उठवतोस.

मी सुरुचीला विचारलं. तिनं आधी टाळलं, मग सांगितलं. चिंचवडच्या त्या जनरेटर दुरुस्तीवाल्यांनी बोअरिंगचा सगळा विभाग सांभाळायला तुला दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा तू नाही म्हणालास, कारण सकाळी सात ते दुपारी तीन बाबांजवळ माणूस लागतं, सुरुचीला शाळेत शिकवायला जायचं असतं, आणि नर्सिंग ब्युरोची माणसं टिकत नाहीत. बाबा त्यांचे हात झिडकारतात. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून मी येतेय. हे विचारत नाही, कळवतेय. तू नको म्हणशील हे माहीत असल्यामुळे आधी सगळं करून मगच लिहितेय. कामावरून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. माझ्या साहेबबाईंनी विचारलं, सहा महिन्यांनी काय? मी म्हटलं, ते तेव्हा बघू, जागा भरायची वेळ आली तर खुशाल भरा. यतीन दोन महिन्यांनी येईल, त्याचं काम तिथून होतं. गाडी थेओंकडे राहील, त्यांनी तिला आठवड्यातून एकदा गावात फिरवायचं कबूल केलंय. मला वाटतं ते जास्तच फिरवतील.

मला येत नाही, असं तू म्हणशील. तुझं बरोबर आहे, येत नव्हतं. म्हणून गेले चार शनिवार शेडऐवजी मी इथल्या एका वृद्धाश्रमात जातेय. तिथे बाबांच्याच आजाराचे, कंपवाताचे, तीन जण आहेत. नीलांबरी नावाची नागपूरची एक नर्स आहे, ती शिकवते. पहिल्या दिवशी एका आजोबांना पलंगावरून उठवताना मी त्यांना काखेत हात घालून ओढलं, तशी ती म्हणाली, "इंजिन नाही उचलत आहात तुम्ही." आता मी समोर उभी राहते, दोन्ही पावलं त्यांच्या पावलांना टेकवते, मोठ्यानं एक-दोन-तीन म्हणते आणि तीन म्हटलं की ते स्वतःच उठतात. ताट भरवते. कपडे बदलते, सगळे. पहिल्यांदा मला बाहेर येऊन खिडकीपाशी उभं राहावं लागलं होतं. आता लागत नाही.

तिनं एक गोष्ट सांगितली ती लगेच करून बघ. बाबा न्हाणीघराच्या दारात अडकतात ना, पाय उचलतच नाही, तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या तीन आडव्या रेघा मार, एकेक पावलाच्या अंतरावर. त्यांना म्हण, रेघ ओलांडा. इथल्या एका आजोबांचा पाय त्यानं सुटतो. बाबांचा सुटेलच असं नाही, पण करून बघायला काय जातं?

तू असंही म्हणशील की बाबा माझ्याकडून आंघोळ घालून घेणार नाहीत, मुलगी म्हणून त्यांना लाज वाटेल. वाटेल. चिडतील, हात झिडकारतील, कदाचित रडतील. मीही रडेन. पण आंघोळ होईल.

माझी तुझ्याकडून काही अपेक्षा नाही. मी आले म्हणून तू माझ्याशी नीट बोलायला लागशील असं मी धरून चाललेली नाही. सकाळी जे आठवतं ते आठवू दे. फक्त त्या वेळी बाबांना उठवायला मी असेन आणि तू कामावर जायला निघालेला असशील.

विमान मंगळवारी, दोन डिसेंबरला सकाळी मुंबईला उतरतं. घ्यायला येऊ नकोस, बाबांना सोडून येऊ नकोस, मी टॅक्सीनं येईन. मला बाबांच्या खोलीतच खाट टाक. गोळ्यांच्या वेळा, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, तुझ्या हातानं एका कागदावर लिहून भिंतीला लाव. पहिला आठवडा तू माझ्या शेजारी उभा राहा आणि माझं चुकेल तिथे मला थांबव. मी थांबेन. त्यानंतरच्या सोमवारपासून तू चिंचवडला जा. त्यांना आजच फोन कर, आणि मी येतेय म्हणून सांग.

परतीचं तिकीट काढलेलं नाही. तारीख तू ठरवायचीस.

तुझी ताई,
पद्मा